डोंगराचं पाणी, पायथ्याचं धोरण

अकोल्याच्या जठारपेठेतून सातपुडा लांबचा वाटतो, पण वऱ्हाडाच्या पाण्याचा हिशोब तिथूनच सुरू होतो. सातपुड्यातल्या गाविलगड डोंगररांगेच्या पायथ्याशी ओढ्यांनी आणलेल्या गोटे-वाळूच्या थराला भूजलतज्ज्ञ ‘बझाडा’ म्हणतात. इथे पाणी झपाट्याने मुरतं. दक्षिणेला पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र चिकणमाती जाड आणि भूजल खारट. म्हणून पुनर्भरणाची कामं पायथ्याशी आणि गोड्या पावसाची शेततळी खारपाणपट्ट्यात, ही विभागणी भूशास्त्रच सुचवतं. दोन्हीकडे सरसकट एकच योजना राबवणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

2018 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावंही घेतली गेली. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईने बसवून दिली: पडलेला पाऊस, वाहून गेलेलं पाणी, मुरलेलं पाणी, पिकाची गरज. गावाचा आराखडा त्यावर बेतायचा.

या ताळेबंदाचा कच्चा दुवा डोंगरातच आहे. मेळघाटात उंचीनुसार पाऊस बदलतो. चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर, अकोला 300 मीटरच्याही खाली. महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक सपाटीवर चालून जाईल, दऱ्याखोऱ्यांत नाही. कोरकू पाड्यांच्या आराखड्यांसाठी तिथे जास्त मापकं आधी बसवायला हवीत.