रेडिएटरचा अडलेला पाइप: ओढण्याआधी समजून घेऊ

गेल्या व्याख्यानात आपण थर्मोस्टॅट पाहिला. आजचा विषय त्याच्या शेजारचाच आहे. गाडीचं जुनं कूलंट काढून आतली यंत्रणा धुवायची, तर रेडिएटरचा खालचा रबरी पाइप काढावा लागतो. बऱ्याच गाड्यांना खाली निचऱ्याचा बोल्ट नसतो, असला तरी तो गंजून बसलेला असतो. मग पाइपच काढायचा. आणि तो निघत नाही! काम अडतं ते इथेच. रेडिएटर फुटतो तोही इथेच.

आधी थोडं मुंबईबद्दल, कारण गाडी गरम होणं या शहराला नवीन नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा होती. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्या पिढीच्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा पट्ट्याने इंजिनलाच जोडलेला असे. इंजिन जोरात फिरलं तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. आता गणपतीत लालबागला अडकलेली टॅक्सी डोळ्यांसमोर आणा. गाडी उभी, म्हणजे समोरून वारा नाही. इंजिन मंद, म्हणजे पंख्याचाही वारा नाही. काटा वर चढणारच. मग बाटलीतलं पाणी ओतायचं, आणि ते कुठलं? मिळेल ते.

त्या 'मिळेल त्या' पाण्यातच आजच्या विषयाचं मूळ आहे. तानसा-वैतरणेचं नळाचं पाणी त्या मानाने बरं. पण समुद्राजवळच्या विहिरींचं किंवा बोअरचं पाणी खारट असतं. क्षारांमुळे धातू लवकर गंजतो. त्यात कूलंट पातळ होत गेलं की त्यातली गंजरोधक द्रव्यं अपुरी पडतात. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून 'मुंबईत कूलंट कशाला' असं पुष्कळ जण म्हणतात. पण कूलंटची आपल्याला गरज आहे ती गंज थांबवायला आणि उत्कलनबिंदू वाढवायला.

पाइप अडतो का?

रेडिएटरच्या ज्या तोंडावर पाइप चढवलेला असतो, त्याला आपण तोटी म्हणूया. तोटीच्या टोकाला बारीक उंचवटा असतो, पाइप सहज निसटू नये म्हणून. त्यावर क्लिप आवळलेली. वर्षानुवर्षं उष्णता आणि दाब सोसून रबर त्या उंचवट्याच्या आकाराचं होऊन जातं आणि तोटीला चिकटतं. कुकरच्या झाकणाची जुनी रिंग कशी झाकणाला धरून बसते, तसंच. तोटी ॲल्युमिनियमची असेल तर तिच्यावर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे रबर आतून आवळलं जातं.

आता आपण काय करतो? दोन्ही हातांनी धरून ओढतो. पण रबरी नळी लांबीच्या दिशेने ताणली की तिचा घेर कमी होतो. म्हणजे जितकं ओढू, तितकी पकड घट्ट! ओला मोजा टोकाला धरून ओढला तर निघत नाही, कडेकडून गुंडाळत आणला की निघतो. इथेही शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ.

आधी गाडी थंड

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. साधारण एक वातावरण इतका जादा दाब आत असेल तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं. चेहरा, छाती, हात, सगळं भाजतं. म्हणून गाडी काही तास उभी राहू द्या. रात्रभर राहिली तर उत्तमच. वरच्या पाइपला हात लावून पाहा, तो गार आणि मऊ लागला पाहिजे. मगच जाड फडक्याने धरून झाकण हळूहळू सोडा. आजच्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो आणि काही गाड्यांत तो इंजिन बंद केल्यावरही सुरू होतो. म्हणून बॅटरीची ऋण तार काढून ठेवा.

आता पाइप

खाली रुंद परात ठेवा. क्लिप पेचाची असेल तर सैल करा, स्प्रिंगची असेल तर पक्कडीने तिचे दोन कान दाबा. क्लिप पाइपवर मागे सरकवा. हे राहून गेलं तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

नंतर ओढायचं नाही, फिरवायचं. तोटीवर चढलेल्या भागाभोवती फडकं गुंडाळा, मोठ्या पक्कडीने हलकेच धरा आणि थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं फिरवा. चिकटलेपण मोडल्याचं हाताला कळतं. तेवढं झालं की फिरवत फिरवत बाहेर घ्या.

नाही फिरला, तर रबरावर गरम पाणी ओता म्हणजे ते नरम पडेल. मग बोथट टोकाचा आकडा रबर आणि तोटी यांच्यामध्ये सरकवा, साबणाच्या पाण्याचे थेंब सोडा आणि आकडा गोल फिरवून आणा. पेचकस घालून उचकटू नका. आजच्या बहुतेक रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि उष्णतेने ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं. एक टवका उडाला की रेडिएटरच बदलावा लागतो. जुन्या पितळी रेडिएटरची तोटी वाकते किंवा तिचा डाग सुटतो, पण डाग पुन्हा देता येतो. प्लॅस्टिकला ती सोय नाही.

यानेही नाही निघाला तर पाइप कापायचा. त्याआधी नवा पाइप हातात असू द्या. तोटीवरच्या भागात लांबीच्या दिशेने कटरने चीर द्या, पण आरपार नको. पाऊण जाडीपर्यंत कापा आणि उरलेलं हाताने फाडून संत्र्याच्या सालीसारखं सोला. पाती तोटीला लागली तर तिथे चर पडतो आणि पुढे त्यातूनच गळती होते. इतका अडलेला पाइप तसाही म्हातारा झालेला असतो. नव्या पाइपचा खर्च रेडिएटरच्या मानाने काहीच नाही.

धुणं आणि भरणं

निचरा झाला की पाइप पुन्हा लावा आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. बॅटरीची तार जोडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा. तो उघडला नाही तर इंजिनातलं जुनं पाणी तिथेच राहतं. पुन्हा पूर्ण थंड करा, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करायचं.

आता एक हिशेब. समजा, यंत्रणेत ५ लिटर मावतं आणि निचरा करूनही २ लिटर साधं पाणी आत उरतं. तुम्ही तयार अर्धं-अर्धं कूलंट ३ लिटर ओतलंत, तर आत कूलंट किती? दीड लिटर, म्हणजे फक्त ३० टक्के. म्हणून धुतल्यानंतर मूळ घट्ट कूलंट घ्या. आधी अडीच लिटर ते, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. झाले ५० टक्के. तुमच्या गाडीत किती मावतं आणि प्रमाण किती हवं, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

पाइप शेवटचा बसवताना तोटी बारीक पॉलिश पेपरने साफ करा. बांगड्या भरताना कासार हाताला साबण लावतो, तसं तोटीला साबणाचं पाणी किंवा कूलंटच लावा. ग्रीस नको, त्याने हे रबर फुगतं. क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावर नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*हिरव्यात लाल कूलंट चालतं का?*

रंग हा कंपनीने घातलेला असतो, त्यावरून रसायन ओळखता येत नाही. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर कधी कधी गोळा होतो आणि बारीक नळ्या तुंबतात. पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचंच घ्या.

*आमची गाडी चाळीच्या आवारात उभी असते. काढलेलं कूलंट गटारात सोडलं तर?*

नाही, अजिबात नाही. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, मूत्रपिंडं निकामी करतं. आवारातली कुत्री-मांजरं ते चाटतात. लहान मुलंही तिथेच खेळत असतात. शिवाय आपली पावसाळी गटारं खाडीत आणि समुद्रात जातात. परात क्षणभरही उघडी सोडू नका. कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर ठळक 'विष' लिहा आणि जे सर्व्हिस सेंटर वापरलेलं कूलंट घेतं तिथे द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत मात्र ते कधीही भरू नका. जमिनीवर सांडलं असेल तर आधी माती टाकून टिपून घ्या, मग जागा धुवा.