औषधाआधी दारात येते ती प्रोमोतोरा

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठी स्टार नावाची काउंटी आहे. नदी ओलांडली की मेक्सिको. इथली ९५ टक्क्यांहून अधिक वस्ती हिस्पॅनिक, त्यातही बहुतेक मेक्सिकन वंशाची. अमेरिकेतल्या अतिशय गरीब काउंट्यांमध्ये हिची गणती होते. मधुमेहाच्या संशोधकांना मात्र ती वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. एकाच घरात मधुमेहाचे अनेक रुग्ण असलेली कुटुंबं इथे इतकी आहेत, की १९८१ पासून टेक्सास विद्यापीठाचे संशोधक या भागाचा अभ्यास करत आले आहेत.

याच काउंटीत नर्सिंगच्या प्राध्यापक शेरॉन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५६ मधुमेहींसोबत एक प्रयोग केला. वर्ग स्पॅनिशमध्ये घेतले. शिकवणाऱ्या नर्स, आहारतज्ज्ञ आणि कार्यकर्त्या मेक्सिकन वंशाच्या, दोन्ही भाषा बोलणाऱ्या. वर्गासाठी चर्च, शाळा, जवळचा दवाखाना अशा नेहमीच्या जागा निवडल्या. प्रत्येक रुग्णाने घरातलं एक माणूस सोबत आणायचं, कारण स्वयंपाक एकाने करायचा आणि पथ्य दुसऱ्याने पाळायचं, हे फार दिवस टिकत नाही. दाखवायचे व्हिडिओसुद्धा तिथेच, तिथल्याच माणसांना घेऊन चित्रित केले होते. आधी दर आठवड्याला वर्ग, मग पंधरवड्याला, शेवटी महिन्यातून एकदा. वर्षाकाठी ५२ तास.

२००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी वर्ग न मिळालेल्या गटाच्या तुलनेत सहा महिन्यांनी १.४ अंकांनी कमी भरली. एवढा फरक पडायला एरवी गोळी सुरू करावी लागते. पण वर्गात येणाऱ्यांची सरासरी तेव्हाही १० च्या वरच होती, आणि डॉक्टरांचं लक्ष्य साधारण ७ चं असतं. ही दुसरी बाजूही सांगायलाच हवी. अशा उपक्रमांचा फायदा खरा आहे, पण आजार आधीच मुरलेला असला तर तो पुरत नाही. म्हणून गाठायचं ते त्याच्याही आधी.

आधी गाठता येतं, याचा भक्कम पुरावा त्याच वर्षी आला. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ जणांवर एक मोठी चाचणी झाली होती. वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट. ज्यांना त्यासाठी सतत मार्गदर्शन मिळालं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ही घट ३१ टक्के होती. २०१० मध्ये अमेरिकी संसदेने याचा राष्ट्रीय कार्यक्रम केला, आणि आता त्याचा अभ्यासक्रम स्पॅनिशमध्येही आहे.

पण १५० मिनिटं चालायचं कुठे? सीमेलगत ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या आहेत. शहराच्या हद्दीबाहेर हप्त्याने घेतलेला प्लॉट, त्यावर पैसे येतील तसं वाढवत नेलेलं घर. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं नळ नव्हता, गटार नव्हतं. फूटपाथ नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, मोकाट कुत्री आहेत आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो. दिवसभर शेतात किंवा बांधकामावर राबून आलेल्या माणसाला ‘व्यायाम करा’ असं छापलेला कागद देऊन काय होणार?

इथे प्रोमोतोरा कामाला येते. ती त्याच वस्तीतली, बहुधा स्वतः आई किंवा आजी, जिच्या घरीही कुणाला तरी मधुमेह आहे अशी आरोग्य कार्यकर्ती. ती चार जणींना गोळा करून सकाळी उन्हाआधी चालायला नेते. स्वयंपाकघरात बसते. मक्याची तोर्तिया म्हणजे जवळजवळ आपली भाकरीच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून केलेली. ती ताटातून काढायला प्रोमोतोरा सांगत नाही. घेवडा डुकराच्या चरबीत परतण्याऐवजी नुसता शिजवून थोड्या तेलावर घोटा, तोर्तिया मोजून खा आणि जेवणासोबतचं गोड शीतपेय आधी बंद करा, असं ती सांगते. सगळ्यांचं जेवण एकच ठेवायचं, आजाऱ्याचं वेगळं शिजवायचं नाही, यावर तिचा भर असतो.

तिचं दुसरं काम मला याहून मोलाचं वाटतं. मेक्सिकन वंशाच्या अनेक लोकांच्या मते मधुमेह ‘सुस्तो’ने होतो, म्हणजे अचानक बसलेल्या जबर धक्क्याने: अपघात, घरातला मृत्यू, मोठी भीती. इन्सुलिनने माणूस आंधळा होतो, हीही पक्की समजूत. आणि ती आकाशातून पडलेली नाही. इन्सुलिन फार उशिरा सुरू झालं, तोवर डोळे गेलेले होते, असं त्यांनी नात्यागोत्यात पाहिलेलं असतं. डॉक्टरसमोर हे कुणी बोलत नाही. मान डोलावून घरी येतात आणि इंजेक्शन फ्रिजमध्ये पडून राहतं. प्रोमोतोरासमोर बोलतात, कारण तिच्या आजीचंही तेच म्हणणं होतं. ती हसत नाही. धक्का बसला होता हे मान्य करते आणि मग साखर वाढल्यावर डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं काय होतं ते सांगते.

शिकागोत १४४ मेक्सिकन अमेरिकन मधुमेहींच्या घरी असेच आरोग्य कार्यकर्ते दोन वर्षं जात राहिले. दोन वर्षांनी त्यांची एचबीए१सी तुलनेच्या गटापेक्षा ०.६९ अंकांनी कमी होती. रक्तदाबात मात्र फरक पडला नाही. एकाच माणसाने सगळे आजार आवरावेत ही अपेक्षाही रास्त नव्हे.

‘हिस्पॅनिक’ या एका शिक्क्याखाली सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही, हेही लक्षात घ्यावं. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या सोळा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण दक्षिण अमेरिकी वंशाच्या लोकांत सुमारे १० टक्के, तर मेक्सिकन वंशाच्या लोकांत १८ टक्के निघालं.

एवढं करणाऱ्या बाईचं स्थान काय? टेक्सासने १९९९ मध्येच प्रोमोतोरांच्या प्रमाणपत्रासाठी कायदा केला आणि १६० तासांचं प्रशिक्षण ठरवलं. पगार मात्र बहुतेक ठिकाणी अनुदानावर चालतो. तीन-चार वर्षांनी अनुदान संपलं की वर्ग बंद होतात आणि वस्तीने टाकलेला विश्वास वाया जातो. टेक्सासमध्ये आरोग्यविमा नसलेल्यांचं प्रमाण अमेरिकेत सर्वाधिक आहे. त्यामुळे प्रोमोतोराने वेळेत हेरलेल्या रुग्णाला पुढे पाठवायचं कुठे, हाही प्रश्न असतोच.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली त्या कामाची नोंद आपल्या पुस्तकात घेतली. आज आपल्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात: तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला मधुमेह-रक्तदाब आहे का. हे काम प्रोमोतोराचंच आहे. आणि मोबदला वाढवून मिळावा म्हणून त्यांना २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं. पुढच्या वेळी आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या तर त्यांना बसायला सांगा, खरी उत्तरं द्या आणि त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न आपल्या आमदाराला विचारा.