गाडीचं नाक कुठे असावं?

मे महिन्यातली दुपार, वेळ दोनची आणि गाव भुसावळ. पारा ४५ अंशांवर. आई दारं लावून घेते, आजोबा कूलरसमोर बाज टाकतात आणि तुम्हांला ताकीद मिळते, "बाहेर पाय ठेवायचा नाही!" आता सांगा पाहू, त्या कूलरची पाठ खिडकीच्या बाहेर का असते?

कूलर आख्खा खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून टाकल्या, तर तो तीच ती हवा फिरवत बसतो. थोड्या वेळात खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि कूलर नुसता घरघरत राहतो. पाठ बाहेर असली की त्याला सतत ताजी, कोरडी हवा मिळते. पंखा तोच, वाळा तोच, पाणी तेच. हवा कुठून घेतली, एवढाच फरक!

गंमत अशी की हाच प्रश्न शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या इंजिनिअरांनाही पडतो. इंजिनाने श्वास कुठून घ्यायचा? गाडीचं नाक कुठे ठेवायचं? लाखो रुपयांची गाडी चुकीच्या जागेची हवा पिऊन मंद होऊ शकते. आणि नाक भलत्याच जागी बसवलं, तर एका पावसात इंजिन कायमचं बसू शकतं!

इंजिनाचं जेवण

आपण म्हणतो, गाडी पेट्रोलवर चालते. हे अर्धंच खरं आहे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ११ किलो हवा लागते. म्हणजे नऊ ते दहा हजार लिटर! तुमच्या अंगणातल्या २०० लिटरच्या ड्रमने मोजली, तर जवळजवळ ५० ड्रम. पेट्रोलचे पैसे पंपावर मोजून घेतात. हवा फुकट मिळते, म्हणून तिची आठवण कुणाला राहत नाही.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये मात्र जागा ठरलेली असते. एस.टी.च्या बाकासारखी. थंडीच्या पहाटे लोक एकमेकांना चिकटून बसतात, दोघांच्या बाकावर तिघे मावतात. उन्हाळ्यात जो तो हातभर अंतर ठेवून बसतो. हवेच्या कणांचंही असंच. थंड हवेत ते दाटीने असतात, तापलेल्या हवेत दूर दूर पांगतात. जागा तीच, पण माल कमी! आत हवा कमी आली की पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी द्यावं लागतं आणि इंजिनाचा जोर घटतो.

किती घटतो? चला, हिशेब करू. तापमानाच्या अंशांत २७३ मिळवायचे आणि येणाऱ्या आकड्यांचं गुणोत्तर काढायचं. डिसेंबरची पहाट, १५ अंश: २८८. मे महिन्याची दुपार, ४५ अंश: ३१८. भागाकार करून पाहा. डिसेंबरमध्ये सिलिंडरात हवेचे १०० भाग मावत असतील, तर मेमध्ये सुमारे ९१ भागच मावतील. नऊ भाग भुसावळच्या उन्हाने खाल्ले!

बॉनेटखालची भट्टी

पण थांबा, हिशेब इथेच संपत नाही. इंजिन बाहेरची हवा पितं, की बॉनेटखालची?

बॉनेटखाली काय असतं ते आठवा. रेडिएटर, जळका धूर बाहेर नेणारे तापलेले पाइप आणि खुद्द इंजिन. गाडी रेल्वे फाटकापाशी उभी आहे, मालगाडीचे डबे संपता संपत नाहीत आणि इंजिन सुरूच आहे. अशा वेळी बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा खूपच जास्त तापते. समजा ती ७० अंशांवर गेली. २७३ मिळवले की झाले ३४३. आता १०० भागांपैकी सुमारे ८४ भागच उरले.

म्हणजे पाहा, ऊन ९ भाग घेतं आणि बॉनेट आणखी ७. उन्हाचे ९ परत आणणं आपल्या हाती नाही. बॉनेटखाली हरवलेले ७ मात्र परत मिळवता येतात. शर्यतीच्या गाडीवर जी सारी कारागिरी चालते, ती या सात भागांसाठी!

त्यातच आणखी एक भानगड आहे. फार गरम हवा आत गेली, तर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता कोपऱ्यात आपोआप भडकतं. इंजिनातून टकटक आवाज येतो. याला 'नॉकिंग' म्हणतात. ते पिस्टनला घातक असतं. आजच्या गाड्यांत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. हवा तापली असं दिसलं की गाडीतला छोटा संगणक ठिणगी जरा उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण जोर आणखी उतरतो.

मग करतात तरी काय?

पहिली गोष्ट, हवेचं तोंड पुढे आणायचं. ग्रिलच्या मागे किंवा हेडलाइटच्या बाजूला, जिथे धावत्या गाडीला समोरचा वारा लागतो.

दुसरी गोष्ट, एअर फिल्टर उघडा ठेवायचा नाही. त्याला बंद पेटीत बसवायचं आणि पेटीच्या कडांना रबर लावायचं, म्हणजे बॉनेटची गरम हवा फटीतून शिरत नाही. तिसरी गोष्ट, धुराचे तापलेले पाइप आणि ही पेटी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा उभा करायचा. आपण उन्हाच्या बाजूला ताट्या बांधतो ना, तसा! चौथी गोष्ट, हवेची नळी आखूड आणि गुळगुळीत ठेवायची. ती उघड्या धातूची असेल तर उष्णता चटकन धरते, म्हणून तिला प्लॅस्टिकची करतात किंवा वरून वेष्टण गुंडाळतात.

बाजारात शंकूच्या आकाराचे चकचकीत फिल्टर मिळतात. काही हौशी लोक मूळ पेटी काढून टाकतात आणि असा उघडा शंकू थेट बॉनेटखाली बसवतात. गाडी लगेच घुमायला लागते. आवाज मोठा झाला म्हणजे जोर वाढला, असं वाटतं. पण तो शंकू पितो कुठली हवा? भट्टीतली! खोलीत कोंडलेल्या कूलरची आठवण झाली ना?

म्हणून जाणकार आधी मोजतात. हवेच्या नळीत एक तापमापक, बाहेर दुसरा. गाडी उभी असताना फरक किती, धावताना किती? फरक पाचसहा अंशांचाच निघाला, तर हात लावण्यात अर्थ नाही. आपल्या नेहमीच्या बहुतेक मोटारींत कंपनीने नाक आधीच पुढे आणून ठेवलेलं असतं.

दाबली की तापते

सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहिलाय? तो गरम लागतो. हवा दाबली की ती तापते. टर्बो असलेल्या गाडीत हवा पंख्याने दाबून इंजिनात कोंबतात, तेव्हा तिचं तापमान शंभरी सहज ओलांडतं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा प्रकार! त्यावर उपाय म्हणजे इंटरकूलर. ही रेडिएटरसारखीच एक जाळी असते. दाबलेली हवा तिच्यातून जाताना गार होते आणि मग इंजिनात शिरते.

हा इंटरकूलर कुठे असतो, ते आपल्या रस्त्यावरच दिसतं. नाशिकला तयार झालेली, एमहॉक डिझेल इंजिनाची स्कॉर्पिओ पाहा. तिच्या बॉनेटवर वारा पकडणारं एक रुंद तोंड आहे. अनेकांना ती नुसती ऐट वाटते. पण त्याच्या खालीच इंटरकूलर बसवलेला आहे आणि ते तोंड त्याला वारा घालतं.

भुसावळकरांना आणखी मोठं उदाहरण सांगतो. देशभर धावलेलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल रेल्वे इंजिन १६ सिलिंडरांचं आणि २६०० अश्वशक्तीचं होतं. त्यातही टर्बो होता आणि दाबलेली हवा पाण्याने गार करणारा 'आफ्टरकूलर' होता. पुढे सुधारित टर्बो, अधिक मोठा आफ्टरकूलर आणि इतर बदल करून त्याच घराण्यातलं डब्ल्यूडीएम-३ए आलं. सिलिंडर तेच १६, पण अश्वशक्ती ३१००!

कॉलेजातली शर्यतीची गाडी

तुमच्यापैकी कुणाला हे काम स्वतःच्या हातांनी करायचं असेल, तर एक सरळ वाट आहे. अभियांत्रिकी कॉलेजांचे विद्यार्थी 'फॉर्म्युला स्टुडंट' प्रकारच्या स्पर्धांसाठी एका माणसाची शर्यतीची गाडी स्वतः आखतात, स्वतः बनवतात. आपल्याकडची 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. मुंबईच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'ओरायन रेसिंग इंडिया' हा संघ अशा स्पर्धांतलं नावाजलेलं नाव आहे.

या स्पर्धांत पेट्रोल गाड्यांसाठी एक खट्याळ नियम असतो. इंजिनाची सगळी हवा एकाच गोल भोकातून आली पाहिजे आणि त्याचा व्यास फार तर २० मिलिमीटर. जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं! भोक मोठं करता येत नाही. मग त्यातून येणारी हवा जितकी गार, तितकी ती दाट आणि तितकी जास्त. म्हणून हवेचं तोंड कुठे ठेवायचं, यावर ही मुलं रात्र रात्र वाद घालतात. बऱ्याच गाड्यांत ते ड्रायव्हरच्या डोक्यामागे, उंचावर दिसतं. तिथे वारा मोकळा असतो.

थंड, कोरडी आणि स्वच्छ

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हवा नुसती थंड असून भागत नाही. ती कोरडी आणि स्वच्छसुद्धा हवी. इथेच घरगुती प्रयोग फसतात.

थंड हवेच्या मोहाने कुणी नळीचं तोंड खाली, बंपरमागे नेतं. उन्हाळाभर छान चालतं. मग पाऊस येतो, रस्त्यावर गुडघाभर पाणी साठतं आणि इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि आतला पोलादी दांडा वाकतो. एका क्षणात हजारो रुपयांचं काम! २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात कितीतरी गाड्या बुडतात. तेव्हा हे पाठ करून ठेवा. पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. ढकलून बाहेर काढायची आणि मेकॅनिकला बोलवायचं.

आणि धूळ? आपल्या खानदेशातली काळ्या मातीची बारीक धूळ सिलिंडरात गेली, तर ती पॉलिश पेपरसारखं घासकाम करते. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत फिरणारे ट्रॅक्टर पाहा. अनेकांच्या बॉनेटच्या वर छत्रीसारखी टोपी घातलेली नळी असते. तेच ट्रॅक्टरचं नाक! उंचावर धूळ कमी, इंजिनाची धग कमी आणि पाणीही दूर. बऱ्याच ट्रॅक्टरांत ही हवा पुढे तेलाच्या वाटीवरून जाते आणि उरलेली धूळ तेलात अडकते. शर्यतीच्या गाडीची अक्कल आपल्या शेतात कधीचीच आहे, हो ना?

दादाला आणि बाबांना वाचून दाखवा

घरात कुणी दादा गाडीचा पाइप बदलायला निघाला असेल, तर त्याला तीन गोष्टी सांगा.

एक, थंड हवेचा फायदा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच जाणवतो. भुसावळहून जळगावला शिस्तीत जाताना पेडल अर्धंही दाबलेलं नसतं. तिथे जोर वाढत नाही आणि अॅव्हरेजही वाढत नाही. दोन, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतल्या फेरफारांवर बंधनं घातली आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक निर्णय दिला. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि आर.टी.ओ.ला विचारल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही. तीन, जुना, धुळीने भरलेला फिल्टर वेळेवर बदलणं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत शहाणपणाचं काम आहे.

करून पाहा

प्लॅस्टिकची रिकामी बाटली उघडीच अर्धा तास उन्हात ठेवा. मग उन्हातच झाकण घट्ट लावा आणि ती फ्रिजमध्ये ठेवा. तासाभराने काढा. बाटली चेपलेली दिसेल. आतली हवा कुठे गेली नाही, ती गार होऊन आक्रसली. रिकामी झालेली जागा, तीच इंजिनाची जादा हवा!

दुसरा प्रयोग मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. गाडी बंद, इंजिन पूर्ण गार. बॉनेट उघडा आणि फिल्टरची काळी पेटी शोधा. तिच्यापासून पुढे जाणाऱ्या नळीचा माग काढा. तिचं तोंड कुठे उघडतं? वारा लागेल का? पाणी लागेल का? वहीत चित्र काढा.

आणि भुसावळ स्टेशनवर गेलात, तर विजेच्या इंजिनाच्या कुशीला असलेल्या जाळ्या जरूर पाहा. त्याला जाळायला हवा लागत नाही. पण आतल्या मोटरी तापतात. म्हणून मोठे ब्लोअर बाहेरची हवा आत ओढून त्यांच्यावर सोडतात. विजेवरच्या मोटारींचीही बॅटरी अशीच गार ठेवावी लागते. उद्या पेट्रोलची इंजिनं कमी होतील, पण हवा कुठून घ्यायची हा प्रश्न इंजिनिअरांना पडतच राहणार. कोण जाणे, त्याचं पुढचं उत्तर तुमच्याच वहीतून निघेल!