लोणारचे खारेपण जपायला हवे

कच्छच्या पांढऱ्या रणाची सहल आता पुण्यातल्या घराघरांत ठाऊक झाली आहे. जालन्याच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात, आपल्याच राज्यात मिठाचे एक खोरे आहे: लोणार. त्याची ओळख मात्र ‘उल्कापाताचे विवर’ एवढ्यावरच थांबते. माझे म्हणणे असे, की लोणार पाहताना आणि जपताना मोजमाप खारेपणाचे लावले पाहिजे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर २००० पासून अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतले पाणथळही. तरी संरक्षण नेमके कशाचे, याचे उत्तर आपण स्पष्टपणे देत नाही.

कोणी म्हणेल, मीठ हा उपपदार्थ. खरे अप्रूप बेसाल्टवरच्या आघाताचे. आघाताचे मोल कमी नाहीच. १९७३ मध्ये इथल्या खडकात मास्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या प्रचंड दाबाने बनणारी काच, सापडली आणि विवर ज्वालामुखीचे असावे या तर्काला पूर्णविराम मिळाला. विवराचे वय आधी पन्नास हजार वर्षे मानत. आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. पण आघाताने दिली ती फक्त कढई. पावसाने आणि झऱ्यांनी भोवतालच्या बेसाल्टमधले क्षार खाली आणले; बाहेर पडायला वाट नसल्याने पाणी उन्हाने उडत गेले आणि क्षार राहिले. कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाशी बसले, सोडियमचे कार्बोनेट पाण्यात साठत गेले. म्हणून इथला पीएच १०च्या आसपास असतो. कच्छच्या रणात समुद्र मीठ आणतो; इथे दख्खनचाच काळा कातळ विरघळून खार झाला आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठच्या चिखलावर पांढरी, ठिसूळ साय धरते. हे क्षार पूर्वी काढले जात आणि काढणारे त्यांना प्रतीप्रमाणे वेगळी नावे देत: दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी. काच आणि साबणाला लागणारा माल इथे मिळतो, ही नोंद सोळाव्या शतकातल्या ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे.

जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले तेव्हा प्रदूषणाची शंका सर्वात आधी आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण निघाले हॅलोआर्किया, म्हणजे तीव्र खाऱ्या पाण्यातच फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव. पाणी आटून खारेपणा वाढला तेव्हा त्यांची भरभराट झाली आणि पुढे रंग ओसरला. याचा अर्थ सांडपाण्याचा प्रश्न नाही असा नव्हे. गावाचे घाण पाणी विवरात जाता कामा नये, हे वेगळे सांगायला नको. पण ज्या रंगाला आपण बिघाड समजलो, तो या तळ्याच्या स्वभावाचाच भाग होता.

खरी काळजी उलट दिशेची आहे. गेल्या काही वर्षांत पातळी वाढून पाणी काठच्या मंदिरांपर्यंत पोचले आहे. दुष्काळी मुलखात पाणी वाढणे वाईट कसे, हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र हे पाणी ना पिण्याच्या कामाचे, ना शेतीच्या. तळ्यात मिसळलेले गोडे पाणी गावाला काहीच देत नाही आणि ज्या जीवांना खारटपणा लागतो त्यांचे घर मात्र मोडते. कोणी अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा दाखला देईल: समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवरच्या बॅडवॉटरच्या मिठागरावर ऑगस्ट २०२३च्या वादळाने तळे साचले, पुढे ते आटले आणि मीठ पुन्हा उघडे पडले. पण तिथला पाऊस क्वचितचा. लोणारला दरवर्षी पावसाळा आहे, काठावर वस्ती आहे, ‘धार’ या झऱ्याचे गोडे पाणी बारमाही आहे. आत येणारे पाणी उडणाऱ्या पाण्याहून सतत जास्त राहिले, तर तळे आपोआप पूर्वपदावर येईल या भरवशावर बसता येणार नाही.

म्हणून पातळी, पीएच आणि क्षारांचे आकडे दरमहा नोंदवून विवराच्या काठावर, पर्यटकांना दिसतील असे लावावेत. तळ्यात कोणते गोडे पाणी कुठून येते, याचा हिशेबही तिथेच असावा. लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिराचे शिल्पवैभव पाहून निघणाऱ्यांनी एक तास विवरासाठी ठेवावा, काठच्या पांढऱ्या सायीवर पाय न देता ती पाहावी आणि वनखात्याला हे आकडे मागावेत.