कागदी मापटे : एका भेटपेटीची घडण आणि तिचा इतिहास

आपल्या शाळेतून निरोप घेणाऱ्या प्रत्येक दहावीच्या विद्यार्थ्याच्या हाती नववीची मुले एक लहानशी कागदी पेटी ठेवतात. तिला डिंक लागत नाही, टाचणी लागत नाही. माजी विद्यार्थी भेटले म्हणजे तिची कृती विचारतात. काही पालक मात्र वेगळे विचारतात. मुलाला शिकायला पाठवले आहे, पुड्या बांधायला नव्हे, असा त्यांचा रोख असतो. या दोन्ही विचारणांचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत. पालकांच्या शंकेला आम्ही अधिक जागा देणार आहोत, कारण ती शंका सहज आलेली नाही. तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

ही पेटी मूळची जपानची. तेथे तिला 'मसु' म्हणतात आणि मसु म्हणजे धान्य मोजण्याचे चौकोनी लाकडी माप. आपल्याकडे जसे पायली, शेर, मापटे, चिपटे, तसेच हे. जपानमध्ये जमिनीचा सारा तांदळात आकारला जाई. त्यामुळे माप कोणाचे आणि केवढे, हा तेथील शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस टोयोटोमी हिदेयोशी याने देशभर जमिनीची मोजणी करविली, तेव्हा क्योतोचे मसु हेच प्रमाण माप ठरविले. घडीच्या कागदी पेटीने त्या लाकडी मापाचा आकार घेतला आणि नावही घेतले.

कागदाचा जपानमधील प्रवेश आपल्या धम्माच्या इतिहासाशी जोडलेला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. 'निहोन शोकी' या प्राचीन जपानी इतिहासग्रंथात इ. स. 610 ची नोंद आहे. कोरियातून आलेला दोन्चो नावाचा बौद्ध भिक्खू कागद आणि शाई तयार करण्यात निष्णात होता, असे ती सांगते. पुढे सूत्रांच्या प्रती लिहिण्यासाठी कागदाची मागणी वाढत गेली. चीनमध्ये तुनहुआंगच्या गुहेत सापडलेली वज्रच्छेदिका सूत्राची मुद्रित प्रत इ. स. 868 ची आहे. तिच्या शेवटी लिहिले आहे की, वांग च्ये नावाच्या गृहस्थाने आपल्या मातापित्यांच्या वतीने ती सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी करविली. तारीख नोंदलेले आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने पूर्ण छापील पुस्तक म्हणजे एक दान होय! इतिहासाच्या तासाला आम्ही हे सांगतो तेव्हा मुले क्षणभर शांत होतात.

भेटवस्तू कागदात विधिपूर्वक गुंडाळण्याची रीत जपानच्या सामुराई घराण्यांत रुजली. कोणत्या वस्तूसाठी कोणती घडी, याचे नियम होते. इसे सादाताके याने 1764 मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ती सरदारांची कला होती. ती सर्वांच्या मुलांपर्यंत पोचली यात शाळांचा वाटा मोठा आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याच्या बालोद्यानात कागदाच्या घड्या हा शिक्षणाचा भाग होता आणि आपल्या शैक्षणिक साधनांना त्याने 'भेटी' हेच नाव दिले होते. 1876 मध्ये तोक्योत सरकारी बालोद्यान सुरू झाले, तेव्हा ही पद्धत जपानला पोचली. आपल्या देशात टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये मद्रासहून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनाही प्रेरणा बालोद्यानातूनच मिळाली होती.

आता पालकांच्या शंकेकडे वळू. हातकामाविषयी आपल्या समाजाच्या मनात जी अढी आहे ती आम्ही चुकीची मानत नाही. गावगाड्यात आपल्या आजोबा-पणजोबांनी हातांनी राबायचे आणि खळ्यावर बलुत्यासाठी उभे राहायचे. माप दुसऱ्याच्या हातात असे, आपल्या हाती पसरलेला पदर. किती द्यायचे, माप शीग लावून भरायचे की सपाट, हे देणारा ठरवी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या व्यवस्थेवर घाव घालण्यासाठीच. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावी आपल्या माणसांनी ही कामे सोडली, आणि 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. तेव्हा 'मुलाच्या हाती पुस्तक द्या' हा आग्रह न्याय्यच आहे.

परंतु 'जातिप्रथेचे विध्वंसन' या 1936 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्यांचा आक्षेप हाताने काम करण्यावर नव्हता. काम जन्माने लादले जाते आणि त्याला हीन ठरविले जाते, यावर होता. आमची मुले पेटी करतात ती कोणाच्या हुकमाने नव्हे. तिच्यात काय आणि किती ठेवायचे हेही तीच ठरवितात. बलुते आणि दान यांतला फरक व्याख्यानाने समजावून सांगणे आम्हांला नेहमी अवघड गेले आहे. या पेटीने ते काम पुष्कळ सोपे होते.

आता कृती. ए-फोर आकाराच्या कागदातून 21 सेंटिमीटरचा चौरस कापून घ्यावा. येथे कात्रीचे काम संपले. जी बाजू शेवटी झाकली जावयाची ती वर ठेवून दोन्ही कर्णांवर घड्या घालाव्यात व कागद उघडावा. कर्ण छेदतात त्या मध्यबिंदूपर्यंत चारही कोपरे आणावेत. लहान चौरस तयार होतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा मध्यरेषेपर्यंत दुमडून, नखाने घडी पक्की करून पुन्हा उघडाव्यात. उरलेल्या दोन कडांचेही तसेच. मग समोरासमोरचे दोन त्रिकोण पूर्ण उघडावेत, बाकीचे दोन मिटलेलेच राहू द्यावेत. मिटलेल्या बाजू घडीवर उभ्या केल्या की दोन भिंती झाल्या. आता उघडलेला एक भाग वर उचलावा. कोपऱ्यांशी कागद जादा होतो. तो बोटाने आत ढकलला की तेथे तिरकी घडी पडते आणि तिसरी भिंत उभी राहते. तिच्यावरून उरलेला कागद आत घेऊन त्याचे टोक तळाच्या मध्यावर बसवावे. चौथी भिंत अशीच. चारही टोके तळाशी एकत्र आली म्हणजे पेटी पक्की झाली. नवख्याचे बहुतेक वेळा तिसऱ्या भिंतीशी अडते. तेथे घाई करू नये. मुलाच्या हातून पेटी काढून घेऊन आपण करून देऊ नये, हे तर मुळीच नको.

आठवीच्या वर्गात आम्ही याचे गणित करवितो. 21 च्या चौरसातून झालेल्या लहान चौरसाची बाजू सुमारे 14.85 सेंटिमीटर, पेटीचा तळ तिच्या निम्मा, म्हणजे 7.4 आणि उंची 3.7. घनफळ सुमारे 204 घनसेंटिमीटर येते. जपानी मापात एक 'गो' म्हणजे सुमारे 180 मिलिलिटर. म्हणजे साध्या वहीच्या जाडीच्या कागदातून मूळ मापापेक्षा किंचित मोठे, शीग न लावताही पुरेसे असे माप तयार होते.

झाकण म्हणजे तशीच दुसरी पेटी, पण ती जरा मोठी हवी. काही जण मोठा कागद घेतात. आमची युक्ती सोपी आहे. कागद तेवढाच घ्यावा आणि कडा मध्यरेषेपर्यंत न नेता प्रत्येकी दोन मिलिमीटर अलीकडे थांबवाव्यात. झाकण बरोबर दोन मिलिमीटर रुंद होते. जुन्या दिनदर्शिकेचा कागद झाकणाला उत्तम, कारण तो ताठ राहतो. तळाला मात्र तो घेऊ नये, आतली टोके उसळून वर येतात. पावसाळ्यात कागद सादळतो आणि घडी बसत नाही, म्हणून हे काम आम्ही दिवाळीच्या सुटीनंतरच हाती घेतो.