लीप ऑफिस आणि युनिकोडपूर्व मराठी मजकूर

• संच : पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विंडोजसाठी तयार केलेला लीप ऑफिस हा भारतीय भाषांत मजकूर लिहिण्याचा व मांडण्याचा संच होय.

• संकेत : संगणकात अक्षराला दिलेला क्रमांक म्हणजे संकेत; भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे संकेत-मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले, तर त्याच वर्षी युनिकोड या जगातील लिप्यांसाठीच्या संकेत-मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली.

• फरक : स्वतःचे वेगळे संकेत वापरणाऱ्या जुन्या फाँटमधील ‘जव्हार’ हा शब्द, तो फाँट नसलेल्या संगणकावर, निरर्थक चिन्हांत दिसतो; युनिकोडमध्ये मात्र देवनागरीचा फाँट बदलला तरी तो शब्द तसाच राहतो.

• शोध : असा जुना मजकूर शोधताना जिल्ह्याचे नावही ध्यानात घ्यावे; जव्हार व मोखाडा तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात असल्याने त्यापूर्वीच्या कागदपत्रांवर जिल्हा ‘ठाणे’ असतो.