सहीच्या वेळची सोबत

सुरतेहून तापी ओलांडून अमरोलीच्या दिशेने गेले की कोसाड लागते. मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावरचे हे लहानसे स्थानक असलेले मूळचे गाव आता सुरत महानगरात सामावले आहे. झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी महानगरपालिकेने येथे उभारलेल्या हजारो घरांच्या वसाहतीमुळे ‘कोसाड आवास’ हे नाव आता सर्वतोमुखी झाले आहे. यंत्रमागांच्या आणि कापडबाजाराच्या ओढीने खानदेशातून सुरतेत आलेली पिढी आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहे. या पिढीला निवृत्तिवेतन सहसा नाही. तिच्याजवळ असतात त्या तीन वस्तू : घराचा कागद, बँकेचे पुस्तक आणि अलीकडे मिळालेले आरोग्याचे कार्ड. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेल्या या तीन वस्तूंवर आज कोणाकोणाची नजर असते आणि त्या राखाव्यात कशा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

परप्रांतात स्थायिक झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची एक अडचण मात्र निराळी आहे. महाराष्ट्रातील वृद्धास निदान कचेरीतील कागद आपल्या लिपीत वाचावयास मिळतो. येथे कचेरीचा कागद गुजरातीत, रुग्णालयाचे संमतिपत्र पुष्कळदा इंग्रजीत, आणि दूरध्वनीवर दरडावणारा आवाज हिंदीत! तीस-चाळीस वर्षे गुजराती अस्खलित बोलणाऱ्या आजींनाही ती लिपी वाचता येतेच असे नाही. मग समोरचा बोट ठेवून दाखवील तेथे सही अथवा अंगठा उमटतो. आमच्या मते फसवणुकीचा दरवाजा उघडतो तो याच क्षणी.

आरोग्याचे कार्ड

प्रथम सर्वांत नव्या वस्तूविषयी. आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये देशभर सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, त्याचे उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ खुला झाला. केंद्राच्या योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. गुजरात राज्याने जुलै २०२३ मध्ये आपल्या लाभार्थी कुटुंबांसाठी ही मर्यादा १० लाखांपर्यंत नेली. गरिबाच्या घरी शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण पडत असत, त्या घरांना हा आधार किती मोठा, हे सांगावयास नको.

परंतु जेथे मध तेथे मुंग्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातील कडी तालुक्यात, बोरीसणा या गावी, अहमदाबादच्या ख्याती रुग्णालयातर्फे विनामूल्य आरोग्य शिबिर भरले. तेथून एकोणीस जणांना तपासणीसाठी अहमदाबादेस नेण्यात आले. त्यांपैकी सात जणांवर अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी बसविण्यात आली. आणि दोघे दगावले. गरज नसताना, केवळ योजनेचे पैसे उचलण्यासाठी हे उपचार केले गेले, असा आरोप ठेवून पोलिसांनी गुन्हे दाखल केले. संचालक व डॉक्टर यांना अटक झाली. रुग्णालयाची योजनेतील मान्यता रद्द झाली आणि राज्य सरकारने हृदयोपचारांसाठी नवे कडक नियम काढले.

या प्रकाराची रीत नीट समजून घेतली पाहिजे. योजनेत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. प्रत्येक उपचाराची ठरलेली रक्कम सरकारकडून रुग्णालयास मिळते. त्यामुळे घरच्यांना वाटते, ‘आपल्या खिशातून काय गेले?’ पण कार्डातील वर्षाची मर्यादा संपते, आणि खरे आजारपण आले की हात रिकामा राहतो. कागदोपत्री नसलेला रोग चिकटतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, येथे पणाला लागते ते धन नसून शरीर असते.

म्हणून सर्वच शिबिरांकडे संशयाने पाहावे, असे आमचे म्हणणे नाही. नेत्रशिबिरांनी किती जणांना पुन्हा दृष्टी दिली आहे! शिबिरात तपासून घ्यावे. मात्र तेथूनच गाडीत बसून परगावी जाऊ नये. शस्त्रक्रिया सुचविली गेली तर कागद घरी आणावा आणि दुसऱ्या डॉक्टरांस दाखवावा. सुरतेत नवे सिव्हिल रुग्णालय आहे, महानगरपालिकेचे स्मीमेर आहे. तेथे दुसरे मत मिळू शकते. छातीत तीव्र कळ येऊन जीव घाबरा झाला असेल तर क्षणाचाही विलंब नको; पण चालत शिबिरास गेलेल्या माणसाला त्याच रात्री नळी बसविण्याची घाई का, हे विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे. कार्ड आणि बोटाचा ठसा ‘नुसत्या नोंदणीसाठी’ म्हणून कोणास देऊ नये. घरी सोडताना मिळणारा कागद जपून ठेवावा, आणि कार्डावर कोणता उपचार व किती रक्कम लिहिली गेली ते विचारून घ्यावे. शंका आल्यास योजनेचा १४५५५ हा क्रमांक आहे.

याच वाटेवरचा दुसरा जुना पाहुणा म्हणजे हमखास गुण देणारे औषध. मधुमेह, मोतीबिंदू, रक्तदाब, अर्धांगवायू अशा विकारांवर औषधाने खात्रीने गुण येईल अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तेव्हा पत्रकावर अशी ग्वाही छापलेली दिसली की पुढचे वाचण्याची गरज नाही. दुःख याचे की अशा पुड्यांच्या भरवशावर वृद्ध मंडळी रोजची गोळी बंद करतात, आणि त्याची किंमत पुडीच्या किमतीहून कितीतरी अधिक असते.

बँकेचे पुस्तक

पूर्वीचा ठग दारी येत असे. आताचा दूरध्वनीतून घरात शिरतो. आमच्या सुरतेतच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नव्वद वर्षांच्या एका गृहस्थांची अशी कथा उघडकीस आली. आपण केंद्रीय अन्वेषण विभागाचे अधिकारी आहोत, तुमच्या नावे मुंबईहून चीनला धाडलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, असे सांगून ठगांनी त्यांना पंधरा दिवस ‘डिजिटल अटके’त ठेवले आणि सुमारे १ कोटी १५ लाख रुपये लुबाडले. घरच्यांना सुगावा लागल्यावर पोलिसांत तक्रार झाली. काही आरोपी पकडलेही गेले.

वाचकांनी ‘पंधरा दिवस’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. दारास कुलूप नव्हते, पायांत बेडी नव्हती. कैद होती ती भीतीची आणि लाजेची. ‘ही गोष्ट घरात कोणाला सांगाल तर त्यांनाही अटक होईल,’ ही अशा ठगांची ठरलेली धमकी असते; आणि जन्मभर अब्रूने जगलेला माणूस ती खरी मानून मुकाट राहतो. फसणारा अडाणी असतो हा समज येथे खोटा ठरतो. डॉक्टर, उद्योगपती, निवृत्त अधिकारी यांनाही असेच लुबाडले गेले आहे. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

घरातील प्रत्येक वडीलधाऱ्यास एक वाक्य पाठ असावे : दूरध्वनीवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद या देशाच्या कायद्यात नाही. कोणताही न्यायाधीश अथवा फौजदार चौकशीसाठी पैसे ‘तपासून परत देतो’ म्हणून मागवीत नाही. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द कानी पडताच फोन ठेवावा आणि पहिले काम म्हणजे कोणाला तरी सांगावे. पैसे गेलेच असतील तर रडत न बसता तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात पळविली जाते. ती वाटेतच रोखता यावी यासाठी पहिले काही तास मोलाचे असतात.

घराचा कागद

येथवर परक्यांविषयी लिहिले. पुढचे लिहिणे जड जाते. पण सर्वच लुबाडणूक परक्याकडून होत नाही. ‘बाबा, नाव एकदा चढवून ठेवू, म्हणजे पुढे कटकट नको’ असे म्हणून बक्षीसपत्रावर सही घेतली जाते, आणि वर्षा-दोन वर्षांत बाबांची खाट गॅलरीत जाते. पुंडलिकाच्या विटेची कथा मुलांना सांगणारा आपला समाज. त्याच्याही घरांतून हे घडते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या तेविसाव्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ नाकारल्यास तो व्यवहार रद्द ठरविता येतो. न्यायाधिकरण प्रांत अधिकाऱ्याच्या दर्जाचे असते; निर्वाहखर्चासाठीही तेथेच अर्ज करता येतो. मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेने मुलास २०१९ मध्ये बक्षीसपत्राने मालमत्ता दिली होती. सांभाळाचे वचन मात्र निराळ्या कागदावर होते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ जानेवारी २०२५ रोजी निकाल मातेच्या बाजूने लागला. बक्षीसपत्र रद्द झाले. तथापि, २०२२ मधील एका निकालात त्याच न्यायालयाने अशी अट असल्याचे सिद्ध झाले पाहिजे, असे म्हटले होते. म्हणून ज्यांना बक्षीसपत्र करावयाचेच आहे त्यांनी सांभाळाची अट त्याच कागदात स्पष्ट शब्दांत लिहवून घ्यावी.

आमचा सल्ला मात्र याहून साधा आहे. मालमत्ता मुलांनाच द्यावयाची असेल तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे. बक्षीसपत्राने घर आजच हातचे जाते; मृत्युपत्र शुद्ध असेपर्यंत केव्हाही बदलता येते. ज्याचा मुलगा गुणी आहे त्याचे यात काहीच बिघडत नाही.

राखण म्हणजे कैद नव्हे

हे सारे वाचून एखादा कर्तबगार चिरंजीव म्हणेल, ‘झाले! उद्यापासून आईचे पुस्तक, कार्ड आणि फोन माझ्या ताब्यात.’ आमचे कळकळीचे सांगणे आहे की असे करू नये. ठग वृद्धाची पुंजी नेतो. असा मुलगा त्याचा अधिकार नेतो. आणि ज्याच्या हाती अधिकार उरला नाही तो माणूस घरात काही बोलेनासा होतो. ठगांना हवी असते ती नेमकी हीच अबोल म्हातारी माणसे.

सही त्यांचीच असावी. आपण त्यांची सोबत करावी. महिन्यातून एकदा, चहाच्या वेळी, पासबुक त्यांच्याच हातून उघडून घ्यावे आणि नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. कोणताही कागद वाचल्यावाचून नाही, आणि वाचणारा घरातला दुसरा माणूस असल्यावाचून नाही, असा नियम सर्वांनीच पाळावा. मुलांनीही, म्हणजे वडिलांना तो जाचक वाटणार नाही. आणि कोणी फसलेच तर ‘तुम्हांला कळत कसे नाही?’ हे वाक्य घरात उच्चारले जाऊ नये. एकदा ते ऐकलेला माणूस दुसऱ्या वेळी सांगत नाही.

ज्यांच्या घरी वाचून दाखविणारे कोणी नाही, मुले दुसऱ्या शहरी अथवा परदेशी आहेत, त्यांचे काय? येथे आपल्या मंडळांचे काम आहे. गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि कोजागरी आपण हौसेने साजरी करतो. त्याच मंडळाने आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून गुजराती व इंग्रजी वाचणाऱ्या दोन व्यक्ती बसवाव्यात, आणि ज्याला जो कागद आला असेल तो त्याला मराठीत अथवा अहिराणीत समजावून सांगावा. सल्ला देण्याची घाई नको, सही घेण्याचा प्रश्नच नाही; केवळ कागदात काय लिहिले आहे तेवढे सांगावे. भिंतीवर तीन आकडे ठळक लिहावेत : कार्डासाठी १४५५५, पैसे गेल्यास १९३०, आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीस १४५६७. यास वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि चष्मा पुरे. कोसाडच्या वसाहतीत अथवा उधना-लिंबायतच्या एखाद्या गल्लीत अशी एक संध्याकाळ सुरू झाली, तर ज्यांच्या कष्टांवर आपण या परमुलखात पाय रोवले त्यांच्या ऋणाचा थोडासा अंश तरी फिटेल.